मोजून चार पोळ्या

घरात एक माणूस डाएटवर गेला की वजन उतरो न उतरो, किस्से मात्र चढत जातात! आमच्या विलासचे तर इतके साचले की शेजारणी मला पाहून आधी हसतात, मग विचारतात, "आजी, नवीन काय?"

विलास माझा मुलगा. घर मनीषनगरात, ड्युटी खापरखेड्याच्या वीज केंद्रात. डॉक्टर त्याला म्हणाले, "साखर उंबरठ्यावर उभी आहे. पोट उतरवा, आणि उतरलेलं टिकवा." त्याचे बाबा याच साखरेनं गेले. म्हणून मी त्याच्यावर पाळत ठेवली. मला अक्षर वाचता येत नाही, पण ताट बरोबर वाचता येतं.

*

पहिला चार्ट आला. सून शुभांगीनं वाचून दाखवला : दुपारी एक वाटी भात. विलास स्टुलावर चढला आणि माळ्यावरून श्राद्धाच्या खिरीची वाटी काढून आणली!

"चार्टवर वाटी लिहून आहे आई. साइज कुठं लिहून आहे?"

"अरे, ही वाटी नाही गा, गंज होय! चौघांचं वरण शिजते यात!"

*

मग सोळा तासांचा उपवास.

"कोणत्या देवाचा गा?"

"देवाचा नाही आई, घड्याळाचा."

मला तिथंच शंका आली. देवाचा उपवास मोडताना माणूस एकदा वर तरी पाहतो. घड्याळाला कोण भ्यालंय?

उरलेले आठ तास खायची परवानगी होती. रविवारी बारा वाजता ताटावर बसला. चार वाजता शुभांगी म्हणाली, "अहो, आता तरी उठा!"

"काहून? आठ वाजेपर्यंत टाइम आहे माझा!"

*

नंतर उकडलेल्या दुधीचा डबा सुरू झाला. रोज रिकामा परत यायचा. रोज! मी तर कपाळाला हात लावला. आपल्या पोटचा पोरगा, दुधीला बोट न लावणारा, डबा चाटूनपुसून आणतो?

एक दिवस शर्ट धुवायला घेतला. बाहीवर लालभडक तर्रीचा डाग!

"विलास, दुधीले तर्री कुठून आली गा?"

"ती मित्राच्या पोह्यांची होती आई."

"मग तुझ्या बाहीवर काहून?"

"जवळ बसला होता ना तो!"

*

पावडर घोळून पिण्याचं डाएटही झालं. तीन किलो गेले, चार परत आले. वजनाच्या मशीनवर तो एक हात भिंतीला टेकवूनच उभा राहायचा.

मी विचारलं, "पोरा, भिंतीचं किती भरलं?"

*

एका संध्याकाळी तो पाय धुऊन ओट्यावर बसला होता. तळवा उलटून बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "आई, बाबाले सुरुवातीले पायालेच जखम झाली होती ना?"

मी उठले. आत जाऊन शुभांगीला म्हटलं, "उद्यापासून चार्ट बंद. पावडर बंद. पोळ्या मी करत जाईन. चार खातो ना? चारच देईन."

"आई, तुमचे गुडघे..."

"गुडघ्यानं लाटतात काय वं?"

*

वर्ष झालं. विलासच्या पँटीला कंबर आवळायला दोनदा टाके घातले. साखर उंबरठ्यावरून मागं सरकली. डॉक्टरांचा विश्वासच बसेना. "खरं सांगा, काय सोडलं?"

"काहीच नाही! पहिलेही चार पोळ्या, आताही चार!"

डॉक्टर माझ्याकडे वळले. "आजी, खरं?"

"मोजून चार," मी म्हटलं. "मीच वाढते."

तेव्हापासून विलास ड्युटीवर भाषण देतो : डाएट म्हणजे सगळं थोतांड, घरची पोळी खा!

*

यंदा भाऊबीजेला आम्ही प्रताप नगरात मंदाकडे गेलो. मंदा म्हणजे विलासची मोठी बहीण. तिनं गरम गरम पोळ्या वाढल्या. दुसरी संपली आणि विलासचा हात थांबला.

"ताई, एवढ्याल्या पोळ्या काहून लाटल्या वं? दोनातच पोट भरलं!"

"एवढ्याल्या?" मंदा लाटणं घेऊनच बाहेर आली. "आईनं शिकवल्या तेवढ्याच आहेत. माझं माप लग्नापासून बदललं नाही!"

शुभांगीचा घास हातातच राहिला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मंदानं पाहिलं. मग विलासनं पाहिलं.

मी म्हटलं, "मंदे, लोणचं वाढ वं."