उभ्या माणसाची सावली

सकाळची उन्हं खाडीवर तिरपी आली होती. माझ्या कयाकला, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या छोट्या होडीला, खाली शेजारी-शेजारी दोन तळ जोडलेले आहेत, त्यामुळे ती डगमगत नाही; तिच्यात उभं राहून वल्हवता येतं, गळही टाकता येतो. मी गळ टाकून ताठ उभा होतो आणि मला माझंच कौतुक वाटत होतं. मागे एक म्हातारे कोळी आपल्या अरुंद होडीत अंग चोरून बसले होते, हातात नुसती गळाची दोरी.

"दादा, जरा खाली बसा," ते हळूच म्हणाले.

"ही कलंडत नाही, काका." मी जागच्या जागी उडीही मारून दाखवली.

"पडाल म्हणून नाय सांगत. तुमची सावली माझ्या दोरीवर येते. मासा बुजतो."

उंच उभं राहिलं की लांबचं दिसतं. आपली सावली कुणाच्या पाण्यावर पडलीय, ते मात्र पाठीमागेच राहतं. मी बसलो. तेव्हा कुठे लक्षात आलं, की खाडीतल्या होड्यांमध्ये सगळे बसलेलेच होते.

"मी पलीकडे जातो," असं मी म्हणेपर्यंत त्यांनी दोरी गुंडाळून होडी वळवलीही होती.

"असू दे. तुम्ही पाहुणे."

तेवढ्यात माझ्या गळाला मासा लागला. तो वर घेताना मला त्यांच्याकडे बघवलं नाही.