बॉनेटवरचे वाण

गोकुळची वीस वर्षे बजाजनगरातल्या कारखान्यात इंजिने जुळवण्यात गेली होती. यंदा अधिक महिन्याचे वाण म्हणून फुलंब्रीच्या सासऱ्यांनी, तात्यासाहेबांनी, त्याच्या गाडीचे बॉनेट कापून वर वारा आत घेणारा ऐटदार स्कूप बसवून आणला. साठच्या वेगाला समोरून शिरणाऱ्या वाऱ्याने ताकद नावालाही वाढत नाही, हे गोकुळ जाणून होता. गार हवेचा थोडा लाभ झाला असता; पण स्कूपपासून इंजिनाच्या हवेच्या फिल्टरपर्यंत नळीच नव्हती.

धावत्या गाडीत शेजारी बसलेल्या तात्यासाहेबांनी विचारले, "जावईबापू, लई पळते की नाय?"

मागून बायकोने खांद्याला चिमटा काढला.

"पळते, मामा."

"मग धाकट्या जावयाच्या गाडीलाबी उद्याच बसवू. कापताना तुम्हीच उभं राहा. इंजिनातलं तुम्हालाच कळतं!"

गोकुळला आता नाही म्हणण्याची सोय उरली नव्हती.