मामांच्या निरोपाची तीन दरपत्रकं

२००४ सालच्या फेब्रुवारीतला शेवटचा शनिवार. जमा रक्कम चार हजार दोनशे रुपये. कार्यालयातल्या चौदा जणांचे प्रत्येकी तीनशे. ठिकाण पुणे. हजर पाच: मी, म्हणजे रोखपाल, आमचे हेडक्लार्क, टंकलेखक, शिपाई, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं ते ड्रायव्हर. वर्गणी देणारे बाकीचे दहा जण हिंगोलीतच थांबले होते. पण त्यांचेही पैसे या रकमेत होते आणि सोमवारी ते हिशेब मागणार होते, हे मी पूर्ण प्रवासभर विसरलो नाही.

ड्रायव्हरला सगळे मामा म्हणत. जानेवारीअखेर ते निवृत्त झाले. आमच्याकडे निवृत्त होणाऱ्याला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ देतात. हेडक्लार्कांनी सहज विचारलं, "मामा, घड्याळ गोल पाहिजे का चौकोनी?"

मामा म्हणाले, "घड्याळ नगं. वेळ बघून बघूनच जल्म गेला. मला एक डाव आत बसायचंय."

"कुठं आत?"

"पुन्यात. सायेब लोक रातच्याला जायचे ना, तिथं."

आमच्या साहेबांच्या बैठका पुण्याला होत. बैठकीनंतर साहेब रात्री कुठल्यातरी गाणी-दिव्यांच्या हॉटेलात जात आणि मामा बाहेर जीपमध्ये बसत. मी हिशेब केला. मामांच्या सांगण्यानुसार अशा साठेक रात्री झाल्या. रात्रीचे चार तास धरले तर दोनशे चाळीस तास, म्हणजे हा माणूस दहा दिवस आणि दहा रात्री पुण्यातल्या हॉटेलांच्या बाहेर बसला होता.

"आन् मला येकच समजून घ्यायचंय," मामा म्हणाले. "ऑफिसात आपले सायेब कधी हसले काय? न्हाई. तिथून मात्र दर बारीला हसत बाहेर येत. आत असं हाय तरी काय?"

घड्याळ रद्द झालं.

मग हॉटेल ठरवणं आलं. पैसा चौदा जणांचा, तेव्हा मी सांगितलं की तीन दरपत्रकं घेतल्याशिवाय मी पाकीट उघडणार नाही. खुर्च्या घेताना आम्ही तीन दरपत्रकं घेतो, सतरंजी घेताना घेतो, मग इथं का नको? हेडक्लार्कांनाही पटलं. तीन नावं मामांनीच दिली. साहेबांनी जीपमध्ये टाकलेल्या काड्यापेट्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या आणि त्यांवर फोन नंबर छापलेले होते. मी प्रत्येक ठिकाणाची माहिती विचारली.

"ह्ये पयलं. झाडाची सावली चांगली, पन रातच्याला सावलीचा उपेग न्हाई. दुसऱ्याला डास. तिसऱ्याला गाडी उलटी लावावं लागते, पन वाचमन देवमानूस. संडास बाजूच्या पेट्रोल पंपावर."

"मामा, आतलं सांगा."

"आतलं ठाऊक असतं तर तुमाला काहून तकलीफ दिली असती?"

टंकलेखकाने एसटीडी बूथवरून तिन्ही ठिकाणी फोन केले. फोनखर्च एकेचाळीस रुपये. पहिल्यांनी सांगितलं, प्रवेश जोडीला पाचशे. दुसऱ्यांनी सांगितलं, माणशी सहाशे. तिसरे म्हणाले, प्रवेश फुकट, खाल प्याल त्याचं बिल. मी तुलनात्मक तक्ता केला. पहिलं: माणशी अडीचशे, पाच जणांचे साडेबाराशे. दुसरं: तीन हजार. तिसरं: दर अनिश्चित, सबब विचारात घेतलं नाही. मामा "मला तिसरंच पायजेल" असं दोनदा म्हणाले. पण अनिश्चित दराला मंजुरी कशी द्यायची? हेडक्लार्कांनी पहिल्यावर सही केली.

गाडी, म्हणजे जीप, मामांच्या भाच्याची. त्याचा कनेरगाव नाक्याला ढाबा आहे. गाडी फुकट, डिझेल आपलं. जाताना हजार रुपयांचं भरलं, येताना तेवढंच लागणार होतं. उरले दोन हजार एकशे एकोणसाठ. जेवण घरच्या भाकरीचं. जीप दुसरं कुणी चालवावी म्हटलं तर मामा म्हणाले, "दुसऱ्याच्या हाती स्टेअरिंग देऊन मागं बसलो की मला वकारी येते." जीपचं मागचं दार लागत नव्हतं, ते सुतळीनं बांधलेलं होतं. आत पाच जणांच्या पिशव्या आणि पंचवीस किलो हळद. रात्री माझ्या ज्या साडूकडे मुक्काम होता, त्यांनी ती वसमतहून मागवली होती.

रात्री नऊला पहिल्या हॉटेलाच्या दारात उभे राहिलो. दारावरचा काळ्या कपड्यातला माणूस आमच्याकडे बघून म्हणाला, "ओन्ली कपल, अंकल."

हेडक्लार्कांनी तक्ता काढला. "बराबर आहे. जोडीला पाचशे. आम्ही पाच जण, म्हणजे अडीच जोड्या. साडेबाराशे."

"लेडीज कुठे आहेत?"

"लेडीज हिंगोलीला आहेत."

"मग कपल कसे?"

हेडक्लार्क जरा विचारात पडले आणि म्हणाले, "हे बघा, अर्ध्या जोडीवरून अडत असेल तर तीन जोड्यांचे घ्या. पंधराशे." मी मागून त्यांचा सदरा ओढला, कारण वाढीव अडीचशेला मंजुरी नव्हती.

मागे उभ्या असलेल्या एका मुलीनं विचारलं, "काका, जोडी कुणाची कुणाशी लावलीत?" शिपाई हेडक्लार्कांकडे बोट दाखवून म्हणाला, "माझी मोठ्या सायबांशी दिसून राहिली." रांग हसली. आमची दीड दिवसाची प्रक्रिया तिथंच संपली.

दुसऱ्या ठिकाणी पैसे पुरणार नव्हतेच, पण भाव कमी होतो का म्हणून मी विचारून बघितलं. तिथल्या माणसानं आधी आमच्या पायांकडे बघितलं. पाचांत बूट एकाच्याच पायात, टंकलेखकाच्या. पैशाचा प्रश्न आलाच नाही.

मामा जीपमध्ये बसले, चावी फिरवली आणि न विचारता तिसऱ्याकडे निघाले. तिथं त्यांनी एका झटक्यात गाडी उलटी लावली. वाचमन धावत आला. "अरे मामा! आज साहब कौन है?"

मामा उतरले, टोपी नीट केली. "आज मीच."

वाचमननं त्यांच्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि कडक सलाम ठोकला. मग सुतळी बघितली. "लेकिन ये दरवाजा? सामान की जिम्मेदारी मैं नहीं लेगा. एक आदमी बैठाना पडेगा."

मामा सवयीनं वळलेच होते. त्यांचा एक हात जीपच्या दारावर गेलासुद्धा. "जावा तुमी," ते म्हणाले, "मी हाय हितं. माझी ओळखीची जागा हाय."

मी म्हणालो, "मामा, बाजूला व्हा. मी पीत नाही, मला नाचता येत नाही, आणि हळद माझ्या साडूची आहे." दोन हजार रुपये हेडक्लार्कांच्या हातात दिले, पावतीवर सही घेतली आणि मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो.

दहा ते सव्वाबारा, सव्वादोन तास बसलो. मामांनी दिलेली माहिती तंतोतंत खरी निघाली. वाचमन देवमाणूस, संडास पेट्रोल पंपावर. एक गोष्ट मात्र त्यांनी सांगितली नव्हती: दार उघडलं की गाण्याचा एक तुकडा बाहेर येतो, दार मिटलं की बंद. पुढचं काय ते कळतच नाही. अर्ध्या तासात मला त्या दाराचा राग येऊ लागला. आणि मामांनी असे दोनशे चाळीस तास काढले होते.

साडेअकराला मामा एकटेच बाहेर आले. ते हसत होते.

"काय आहे आत?" मी विचारलं.

"काई न्हाई हो. अंधार हाय. गान्याच्या आवाजात शेजारच्याचं बोललेलं आयकू येत न्हाई. हेडक्लार्क घंटाभर मला काईतरी सांगून राहिले. मंग काय करता? हसायचं. ते बी हसतात, आपन बी हसायचं."

"एवढंच?"

"व्हय. पन खुर्ची लई मऊ हाय."

मग खिशात हात घालून त्यांनी एक नोट काढली आणि साहेब देत तशी दोन बोटांत धरून माझ्यापुढे केली. "घ्या. जेवून घ्या कायतरी. आमाला येळ लागंल."

आणि परत आत गेले.

दिलेल्या रकमा: हॉटेलला एक हजार नऊशे तीस. मामांनी फक्त लिंबूसोडा घेतला, गाडी चालवायची होती. वाचमनला पन्नास. येतानाचं डिझेल हजार. राहिलेले एकशे एकोणऐंशी सोमवारी चौदा जणांत वाटायला गेलो, तर कुणी घेईना. ते मामांना दिले. आणि वीस रुपये मामांनी मला दिले, जेवणासाठी. ते वर्गणीचे नसल्यामुळे हिशेबात दाखवलेले नाहीत.