हिरवा ठिपका

ऑफिसात तिला सगळे 'शंकासुर' म्हणत. तिला त्याचा राग येत नसे. मोबाइल अ‍ॅपचे स्क्रीन आखणं हे तिचं काम. पण रंग निवडायच्या आधी ती एकच प्रश्न धरून बसे: हे बटण नक्की कुणाच्या सोयीचं? वापरणारा 'छान आहे हो' म्हणाला की तिचा त्याच्यावरचा विश्वास उडालाच म्हणून समजा. ती माणसाच्या तोंडाकडे बघतच नसे, अंगठ्याकडे बघे.

नवं अ‍ॅप एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी होतं. रोज सकाळी 'मी ठीक आहे' दाबायचं, की लेकरांच्या फोनवर हिरवा ठिपका. नाही दाबलं, तर लेकरांना लगेच इशारा. आधी तिने ते आपल्या आईच्याच फोनवर टाकलं. पहिल्या आठवड्यात एक दिवस चुकला, मग आईचा ठिपका रोज आठच्या ठोक्याला येऊ लागला.

साहेब खूश. "आता तरी फाटे फोडू नकोस बाई, सोमवारी बाजारात आणायचंय!"

पण हिच्या मनात पाल चुकचुकली. जन्मात कधी वेळेवर चहा न घेतलेली आपली आई घड्याळाला कधीपासून भ्यायला लागली? फोनवर विचारलं, तर आई खोल गेलेल्या आवाजात म्हणाली, "छान आहे गं तुझं ते."

झालं! दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती सकाळीच आईच्या दारात. बेल वाजवली, कुणी उघडेना. जवळच्या किल्लीने आत शिरली, तर आई अंथरुणात, अंग तापाने फणफणलेलं, ओठ सुकलेले. तिने कपाळावर हात ठेवला आणि पर्समधला फोन टिंग वाजला. हिरवा ठिपका.

"आई, तुझा फोन कुठाय?"

"शेजारी, काकूंकडे. रोज रात्री देऊन ठेवते, सकाळी त्या दाबून आणून देतात. त्या लवकर उठतात."

"अगं, पण का?"

"एकदा दाबायला विसरले, तर तू मीटिंग सोडून घाबरीघुबरी धावत आलीस. तुझ्या जिवाला घोर नको म्हणून दिला. बटण त्यासाठीच होतं ना?"

जगाला विचारलेला प्रश्न तिने घरात विचारलाच नव्हता. तिला रडू कोसळलं. तिने आधी डॉक्टरांना फोन लावला, मग साहेबांना. "सोमवारी नाही," एवढंच म्हणाली.

तेवढ्यात दारात काकू आल्या, हातात आईचा फोन, चेहरा हसरा.

"आलीस होय! आजचं पोचलं ना गं वेळेवर?"