गोलपोस्टजवळचे काका

"काका जागचे हलत नाहीत, आणि गोल मात्र त्यांचेच," दादाचा नागपूरचा मित्र धापा टाकत म्हणाला.

अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावच्या पार्कमध्ये २००६च्या उन्हाळ्यात दर रविवारी आपली आयटीतली मुलं फुटबॉल खेळायची. काका म्हणजे विटक्या नारिंगी जर्सीतले साठीचे डच गृहस्थ. तरुणपणी हॉलंडमधल्या एका क्लबचे स्ट्रायकर, शेकडो गोल केलेले. आता ते पोस्टजवळ मोजे वर ओढत उभे राहायचे, आलेला बॉल हळूच आत ढकलायचे आणि गोलकीपरला ‘सॉरी’ म्हणायचे.

मलाही खेळायचं होतं, पण विचारायचा धीर होत नव्हता. मी बाकावर बसून राहायचे.

एकदा ते कॉफी प्यायला माझ्या शेजारी येऊन बसले. "माझा एकही गोल बघण्यासारखा नव्हता," ते हसत म्हणाले. "मी नेमक्या जागी उभा राहायचो आणि बॉल मागायचो. न मागता कोणी देत नाही." मग गुडघा चोळत म्हणाले, "आज माझ्या जागी तू जा."

मी पोस्टजवळ उभी राहिले, मोजेही वर ओढले. बॉल दादाकडे आला. त्याने सगळीकडे पाहिलं, माझ्याकडे सोडून.

"दादा, मी इथे आहे. पास दे."