पाखराच्या पायातली चिठ्ठी

रेवदंड्याहून नागावकडे जाताना उजव्या हाताला जुना बर्फाचा कारखाना लागतो. कारखाना कधीच बंद पडला. आता तिथे पक्ष्यांचं संग्रहालय आहे. पाटीवर त्याचं चांगलं हातभर लांब नाव रंगवलंय, पण ते कोणी घेत नाही. रिक्षावाल्याला 'मेलेली पाखरं' म्हटलं की तो बरोबर दारात नेऊन सोडतो.

ह्या मेलेल्या पाखरांत भागुबाई शिरली ती झाडू हातात घेऊन. जून-जुलै मासेमारी बंद. बोटी वर ओढलेल्या, बोंबील टांगायच्या बांबूच्या वलांड्या मोकळ्या. बोंबील सुकवणाऱ्या बाईला दोन महिने घरात बसून नवऱ्याशी भांडण्यापलीकडे उद्योग नसतो, आणि भागुबाईचा नवरा गुणाजी पहिल्याच वाक्याला शरण जायचा. भांडणात काही रंगतच येईना. मग तिने संग्रहालयाची झाडलोट धरली.

संग्रहालय बघतो विनेश. नागावच्या वाडीतला मुलगा, मुंबईत पक्ष्यांचं शास्त्र शिकून परत आलेला. भागुबाई त्याच्या आईला सुकट द्यायला जायची तेव्हा हा शेंबडा पाटीतला जवळा मुठीने पळवायचा. म्हणून चार माणसांत ती त्याला 'सर' म्हणते, आणि माणसं पांगली की 'ए विन्या'.

काम असं. पावसाळ्यात वादळी वारं सुटलं की खोल समुद्रातली पाखरं दमून आपल्या किनाऱ्यावर कोसळतात. जगतील ती सोडून द्यायची. मरतील ती लेखी परवानगी घेऊन इथे आणायची, पिसांसकट कातडं सोलायचं, आतलं काढून कापूस भरायचा, शिवायचं. मग पायाला एक चिठ्ठी बांधायची: कुठला पक्षी, कुठे सापडला, कधी, कोणी आणला. असं नीट केलेलं पाखरू शंभर वर्षं टिकतं.

विनेशला हे सगळं पाठ होतं. फक्त हाताला येत नव्हतं.

पहिलाच सुरय, म्हणजे समुद्रावरचा तो टोकदार पंखांचा, दुभंगल्या शेपटीचा पक्षी, त्याने टेबलावर घेतला आणि अर्ध्या तासात त्याची ओल्या कागदासारखी चिंधी केली. भागुबाई झाडू टेकवून बघत होती.

"काय करतोस र?"

"सोलतोय, मावशी."

"सोलतोयस? मला वाटलं जुना राग काढतोयस."

"कातडं फार पातळ असतं. तुम्हाला नाही कळायचं."

इथे विनेशची चूक झाली. भागुबाईने झाडू भिंतीला लावला, पदर खोचला, हात धुतले. "सरक. चाळीस वर्सं मासली सोलते मी. मला न्हाय कळायचं, आनि तुला कळायचं?"

हात निसटू नये म्हणून तिने सवयीप्रमाणे राख मागितली. विनेश ओरडला, पिसं काळी पडतील. मग तिने भाताचा बारीक कोंडा आणवला. चिमटीने कोंडा टाकायचा, बोटाने कातडं लोटायचं. ओढायचं नाही, लोटायचं. वीस मिनिटांत दुसरा सुरय बनियन काढावं तसा कातड्यातून बाहेर आला. कुठे भोक नाही, रक्ताचा ठिपका नाही. विनेश आ वासून बघत राहिला.

"तोंड मिट," भागुबाई म्हणाली, "माश्या हायत हितं."

त्या दिवसापासून झाडू विनेशकडे आला.

दोघांचं छान जमलं. ती सोलायची, तो मोजमाप घ्यायचा, चिठ्ठ्या लिहायचा आणि बोलणी खायचा. एका दुपारी त्याने तिला जुन्या संग्रहाचं कपाट उघडून दाखवलं. एका खणात शंभरावर वर्षांपूर्वीचा पाणकावळा होता, अजून चकचकीत. पायातली चिठ्ठी इंग्रजीत होती. विनेशने वाचून दाखवली. एका साहेबाचं नाव, साल, आणि पुढे 'रेवदंडा खाडी'.

भागुबाईने पाखरू उलटं केलं, पोटावरची पिसं फुंकरीने बाजूला सारली आणि शिवण बघितली.

"सायबानं शिवला हा?"

"असं लिहिलंय..."

"लिवलंय ते ऱ्हाऊ दे. ही गाठ बघ. जाळं सांधायची गाठ हाय ही. हा आपल्या खाडीतल्या कोनीतरी शिवलाय. त्याचं नाव कुटं हाय?"

विनेशने चिठ्ठी उलटसुलट केली. "नाहीये."

भागुबाईने चिठ्ठी त्याच्या हातातून घेतली आणि स्वतः उलटून बघितली.

तिला दुसरा एक कागद आठवला. मागे मोठं वादळ झालं तेव्हा नुकसानीची यादी करायला एक माणूस पाड्यात आला. होडी लिहिली, जाळं लिहिलं, पडलेला माड लिहिला. भागुबाईच्या साऱ्या वलांड्या समुद्राने नेल्या होत्या. त्याने विचारलं, धंदा काय? ती म्हणाली, बोंबील सुकवते. त्याने लिहिलं, 'गृहिणी'. पहाटे चारला धक्क्यावर पाटी भरणारी, उन्हात पाठ भाजून घेणारी, बाजारात दलालाला घाम फोडणारी बाई, कागदावर गृहिणी! होडी गुणाजीच्या नावावर, मच्छीमार सोसायटीत नाव गुणाजीचं. चाळीस वर्षं ह्या हातांनी केलेलं काम लोकांनी खाल्लं, हात धुतले, विषय संपला. हे पाखरू मात्र कोणी खाणार नव्हतं. ते शंभर वर्षं राहणार होतं.

"विन्या," ती म्हणाली, "मी सोललेल्या पाखरांच्या चिठ्ठीवर माजं नाव लिव."

विनेशने चिठ्ठी दाखवली. छापील रकाने. "मावशी, नमुना ठरलेला आहे. सोलणाऱ्याचा रकानाच नाही त्यात. अध्यक्षांना विचारल्याशिवाय मला बदलता नाही येत."

"मग विचार."

"विचारतो."

पाखरं दोनाची पाच झाली, पाचाची अकरा झाली. विनेशचं विचारणं काही झालं नाही. माणूस वाईट नव्हता, पण वरच्या माणसाचा फोन आला की हा खुर्चीतून उठून उभा राहायचा, फोनमध्ये दिसत नाही तरी. ऑगस्टमध्ये बोटी पाण्यात गेल्या तशी भागुबाईने चावी त्याच्या टेबलावर ठेवली.

"मी चालले. माजे बोंबील वाट बगतायत. त्यांच्यात तरी वरचं कोन नसतं."

आठवडा गेला. शनिवारी अध्यक्ष आणि विश्वस्त संग्रह बघायला येणार होते, आणि गुरुवारी सकाळी रेवदंड्याच्या वाळूवर एक मेलेलं पाखरू आलं. सगळं पांढरंशुभ्र, चोच लाल मिरचीसारखी, आणि शेपटीतून निघालेली दोन पिसं, हातभर लांब, रिबिनीसारखी. गावातल्या म्हाताऱ्यांनीही असं कधी बघितलं नव्हतं. त्याला इंग्रजी नाव होतं, गावात नाव नव्हतं, कारण ते ह्या बाजूला फिरकतच नाही. विनेशला आनंदाने घाम फुटला आणि मग नुसताच घाम फुटला. सोलणार कोण? आज नाही सोललं तर उद्या वास सुटणार.

तो धावत वलांड्यांपाशी गेला. पावसाने उघडीप दिली होती आणि भागुबाई बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून टांगत होती. त्याने हात जोडले.

"माझ्यासाठी नका येऊ. पाखरासाठी या."

"तुज्यासाठी कोन येतंय?" ती म्हणाली. पण आली.

रागात होती, म्हणून विनेशच्या 'डॉक्टरी' सुरीला तिने हात लावला नाही. स्वतःची मासे कापायची कोयती घेऊन बसली. विनेशने आधी मोजमाप घेतलं, फोटो काढले, आणि तेवढ्यात अध्यक्षांचा फोन आला म्हणून तो बाहेर जाऊन उभा राहिला, आणि शनिवारच्या तयारीसाठी तिथूनच अलिबागला पळाला.

खिडकीत केसर आली. केसर म्हणजे भागुबाईची शेजारीण, वलांडीलाही शेजारी आणि भांडणालाही. पहिलं नवं म्हावरं आलं होतं, बाजार चढा होता, आणि केसरच्या पोटात बातमी राहत नाही.

"ऐकलंस का गो, बाजारातल्या ठमीनं तुजं गिऱ्हाईक फोडलान. ती अलिबागची खानावळवाली आता तिचे बोंबील घेते."

"कोन, ती ठमी? तिचे बोंबील वाळूत लोळवलेले असतात!"

"ती सांगते, भागूचे बोंबील अर्दे वले असतात."

"वले?" भागुबाईचा आवाज चढला. पोटाची चीर झाली होती, पाय सुटले होते, हात आपोआप चालले होते. "माजे बोंबील वले? चाळीस वर्सं..."

खट्.

मासा कापणाऱ्या बाईचा हात कुठल्या क्रमाने चालतो हे हाताला ठाऊक असतं. डोक्याला कोणी विचारत नाही. पर छाटायचे, शेपूट उडवायची. पाखराच्या शेपटीचं हाड आतून कापायचं असतं, वरचं कातडं तसंच ठेवून. कोयतीने हाड, कातडं सगळं एका घावात उडवलं. दोन्ही पांढऱ्या रिबिनी फळीवर वेगळ्या पडल्या.

केसरने खिडकीतून मान आत घातली. "गो बाय! कालवन करतेस काय त्याचं?"

भागुबाईने कोयती बाजूला टाकली आणि दोन्ही पिसं उचलली. मग केसरच कुजबुजली, "जोड. आतून काडी घाल. कोन बगायला येतंय पिसाखाली?"

भागुबाईने बांबूची बारीक सळी तासली. कातड्याच्या कडेला कड लावली, केसासारखे टाके घातले, आणि एकेक पीस ओलं करून जागच्या जागी निजवलं. केसर अगदी तोंड बंद करून बघत राहिली. हा चमत्कार दोन तास टिकला.

विनेश परत आला तेव्हा पाखरू कापूस भरून, शिवून, टेबलावर पडलं होतं. जणू आत्ता झोपलंय. त्याने शेपटीवरून बोट फिरवलं.

"मावशी, ही शेपूट! एवढी नाजूक, आणि धक्कासुद्धा नाही लागला. शनिवारी मी सगळ्यांना सांगणार, असं काम मुंबईतसुद्धा..."

"पुरे," भागुबाई म्हणाली. खोटं कौतुक तिला अर्धवट सुकलेल्या बोंबलासारखं लागतं, गिळवत नाही. "तुटली होती ती. मी तोडली. हात घसरला न्हाय, सवयीनं चालला. मग जोडली."

केसरने खिडकीत कपाळावर हात मारला.

विनेशचा चेहरा पिठासारखा झाला. तो खुर्चीत बसला, पाखरू उलटं केलं, भिंग लावून बघितलं. मग एक सुस्कारा टाकून त्याने चिठ्ठी पुढे ओढली.

"लिहावं लागेल."

"काय?"

"नियम आहे. पाखरू तुटलं, जोडलं, तर कशाने तुटलं आणि कोणी जोडलं ते चिठ्ठीच्या पाठीवर लिहायचं. नावासकट." आणि त्याने पेन उघडून लिहायला घेतलं, 'भागुबाई...'

भागुबाईने पेनावर हात ठेवला.

"थांब. ह्या अकरा पाखरांना भोक न्हाय पडलं, तवा माजं नाव लिवायला जागा नव्हती. व्हय ना?"

"मावशी, तो रकाना..."

"रकाना गेला खाडीत! आज शेपूट तुटली, तर लगेच नावाला जागा झाली? मेहनत केली ती कोनीच न्हाय, आनि चूक केली ती भागुबाई?"

"मला अध्यक्षांना विचारावं लागेल."

"आत्ता ही चूक लिवायला घेतलीस, तवा विचारलंस अध्यक्षाला?"

विनेशने तोंड उघडलं. मिटलं. खिडकीतून केसर म्हणाली, "बोल ना सर. माश्या न्हायत आज."

त्याने फोनकडे बघितलं. मग फोन उचलून खणात टाकला, खण ढकलला, आणि अकरा पाखरं एकेक करून टेबलावर मांडली. पहिल्या चिठ्ठीची पाठ पुढे घेऊन त्याने लिहिलं, 'सहाय्यक: भागुबाई गुणाजी चौलकर, रेवदंडा.'

भागुबाई चौथीपर्यंत शिकलेली. तिने बोट ठेवून सावकाश वाचलं. "सहाय्यक कोनाची? तू काय सोललंस?"

विनेश पहिल्यांदा हसला. 'सहाय्यक' खोडलं, 'सोलणारी' लिहिलं. पुढच्या दहांवर खाडाखोड न करता. बाराव्या चिठ्ठीवर नाव लिहून तो थांबला.

"आता सगळ्यांवर नाव आलं. ह्याच्यावर ते शेपटीचं... राहू दे का?"

"ऱ्हाऊ दे कशाला? लिव. तोडली भागुबाईनं, जोडली भागुबाईनं. दोन्ही लिव. शंभर वर्सांनी कोन सोडवून बगेल, तर त्याला वाटायला नको की बाई लबाड होती."

शनिवारी अध्यक्ष आले. खादीचा सदरा, सोनेरी चष्मा, मागे चार विश्वस्त. भागुबाई धुवट लुगडं नेसून, आबोलीचा गजरा माळून दाराशी उभी होती. विनेश प्रत्येक खण उघडताना चिठ्ठी मुद्दाम पालथी करत होता. अध्यक्षांनी तीन-चार वाचल्या, भुवया वर केल्या. पांढऱ्या पाखराची चिठ्ठी मात्र ते मोठ्याने वाचू लागले आणि मध्येच अडखळले.

"शेपूट तोडली? ही कोण भागुबाई?"

विनेश काही बोलायच्या आत भागुबाई पुढे झाली.

"मीच. तोडली मी, जोडली पन मी. जोड कुटं हाय ते दाखवा."

अध्यक्षांनी चष्मा पुसला. पाखरू उजेडात धरलं, आडवं केलं, उभं केलं, वर भिंगही मागवलं. विश्वस्त एकेक करून वाकले. त्यातला एक डॉक्टर होता, तोही वाकला आणि तसाच सरळ झाला.

"नाही दिसत," अध्यक्ष म्हणाले. त्यांच्या आवाजात आता कुतूहल होतं. "तुम्हीच सांगा बाई, कुठे आहे?"

भागुबाईने पाखरू त्यांच्या हातातून काढून घेतलं, पिसं सारखी केली आणि खणात ठेवलं.

"न्हाय सांगनार," ती म्हणाली. "कोनी केलं ते लिवलंय. तेवढं बास हाय."