जगदेवची आरोळी

कामरगावच्या शाळेमागच्या मैदानावर पहाटे जी आरोळी उठायची, तिच्यामुळं अर्धं गाव शिव्या देतच जागं व्हायचं. "दुखते काय?" असं जगदेव घसा फाडून विचारायचा, आणि पंचवीसतीस पोट्टेपोट्टी एका दमात ओरडायची, "काई नाई!" एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा आवाज पडला की पुन्हा पहिल्यापासून. पोलीस भरती म्हणा, फौज म्हणा, जिल्ह्याच्या शर्यती म्हणा, जगदेवच्या हातची पोरं सगळीकडं गेली होती. शिकवायचाही फुकट. दिवसभर कपाशी-तुरीत राबायचं आणि पहाटे गुडघ्यावर हात टेकत मैदानावर यायचं, असा त्याचा नेम.

त्या गुडघ्यातच सगळं मूळ होतं. विसाव्या वर्षी फौजेच्या भरतीत तो सगळ्यांच्या पुढं धावला होता. मग तपासणीत डॉक्टरनं गोड आवाजात विचारलं, "कधी काही दुखतं का रे?" आणि हा येडा खरं बोलून बसला. पावसाळ्यात गुडघा थोडा ठणकतो म्हणाला. झालं! नावावर काट. तीस वर्षं झाली, ती काट काही त्याच्या डोळ्यांपुढून हलली नाही. "डॉक्टर तुमच्या भल्यासाठी नाई इचारत, नाव कापाले इचारते," हे तो नव्या पोराला पहिल्याच दिवशी सांगायचा. भरतीच्या रांगेत ते दोनचारदा खरंही ठरलं होतं. म्हणूनच तर घात झाला.

रंजीता तांड्यावरची, लखीरामची पोरगी. आईबाप दिवाळी आटोपली की ऊसतोडीला जायचे ते थेट उन्हाळ्यात परतायचे. लहानपणी तीही फडावर जायची, आणि उसाच्या गाडीमागं अनवाणी पळायची. जगदेवच्या मैदानावर आली तेव्हा पायात बूट घालायला लाजत होती. पण पळायची काय, बापा! चार वर्षांत तिनं जिल्हा मागं टाकला, मग विभाग. एकोणीस वर्षांची झाली तेव्हा कुठल्याशा मंडळाकडून तिला पत्र आलं. हिमालयात साडेअकरा हजार फुटांवर, फेब्रुवारीच्या बर्फात, दहा किलोमीटरची दौड. पहिल्या तिघांना वर्षभराच्या शिबिरात घेणार, राहणं-खाणं-शिकणं सगळं त्यांचं. रंजीताला ऊसतोडीचा कोयता हातात धरायचा नव्हता. त्यासाठी तिच्यापुढं तेवढी एकच वाट होती, आणि हे जगदेवलाही पुरतं ठाऊक होतं.

आता बर्फाबद्दल जगदेवला काय कळणार? शेकोटीपुढं दोन घोंगड्या घेऊन बसणारा माणूस तो. तरी सगळी तयारी त्यानंच केली. कारंज्याला जाऊन चार जोड सुती मोजे आणले. "दोन-दोन घालजो एकावर एक," त्यानं तिला बजावलं. बूट तेच, मापाचे, घट्ट. दोन मोज्यांवर ते इतके आवळले की रंजीतानं तोंड वाकडं केलं.

"चावते काय?" जगदेवनं विचारलं.

"काई नाई, काका."

जगदेव खूश झाला. शाबासकी म्हणून त्यानं तिच्या पाठीवर एक धपका घातला.

तिकडं सोय चांगली होती, हे सांगायला पाहिजे. पहिले दोन दिवस कुणाला पळूच दिलं नाही, नुसता आराम आणि पाणी पिणं. रोज सकाळी एक डॉक्टरीणबाई यायची, बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावायची आणि विचारायची, डोकं दुखतं का, झोप लागली का, हातपाय बधिर होतात का. कुणी एकानं डोकं दुखतं म्हणून सांगितलं, तर त्याला दौडीतून काढून खाली पाठवलं. रंजीतानं ते पाहिलं. तिचा नंबर आला तशी ती ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "काही नाही, मॅडम."

दौडीच्या आदल्या दिवशी सरावाला पळून आल्यावर तिनं जगदेवला फोन लावला. दुपारची वेळ होती. जगदेव ओसरीवर तुरी निवडत बसला होता, शेजारी त्याची बायको कस्तुराबाई. आवाज मोठा ठेवला होता, म्हणून तिनंही सगळं ऐकलं.

"काका, उजव्या पायाची बोटं पांढरी पडली. मेणावानी. चिमटा घेतला तरी समजत नाई."

"दुखते काय?"

"नाई. काईच नाई समजून राह्यलं."

"मंग बरंच हाये की! दुखतच नाई त रडतं कायले?"

"मॅडमले सांगू काय?"

जगदेव एकदम उसळला. "येडी झाली काय वं? उद्या दौड हाये! सांगतलं का नाव कापलं समज. शेगडी असंन ना तिथं? पाय शेक. तेल चोळ कसकसून. सकाळलोक मोकळा होते."

आपल्याकडं पाय अवघडला तर दुसरं काय करतात? वीट तापवायची, फडक्यात गुंडाळायची, शेक द्यायचा. जगदेवच्या आईनं त्याला तेच केलं, त्यानं पोरांना तेच केलं. पण तो पाय अवघडलेला नव्हता, गोठलेला होता. आधीच आवळलेल्या बुटात, घामानं ओल्या झालेल्या सुती मोज्यांत रक्त पोचलंच नव्हतं. ती तेल चोळून, पत्र्याच्या शेगडीला बोटं जवळजवळ टेकवून बसली. भाजलं तरी तिला कळायचं नव्हतं, आणि कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती पळाली. दहाच्या दहा किलोमीटर. तिसरी आली.

बूट काढला तेव्हा मोज्याला कातडी चिकटून आली. डॉक्टरीणबाईनं कपाळाला हात लावला. "काल बोलली असतीस तर कोमट पाण्यात पाय ठेवून वाचवला असता गं! आणि हे चोळलंय कुणी? भाजलंय कसं?" तेव्हाही रंजीता कुणाचं नाव बोलली नाही. तिला तातडीनं खाली उतरवलं, मोठ्या दवाखान्यात ठेवलं. तिथं महिनाभर वाट पाहिली. शेवटी उजव्या पायाची पाचही बोटं काढावी लागली. शिबिरातली जागा चौथ्या आलेल्या पोरीला गेली.

लखीराम बायकोसकट फड अर्धा टाकून तिला घेऊन आला. तांड्यावर पोचला तशी त्यानं पहिली गोष्ट काय केली असेल? जगदेवच्या घरी आला आणि हात जोडून म्हणाला, "भाऊ, तुमच्या फोनानं पोरीले धीर आला म्हंते. तुमचे उपकार हायेत."

 जगदेव नुसता "बसा, बसा" म्हणत राहिला. लखीराम चहा पिऊन गेला. कस्तुराबाईनं कपबशा उचलल्या नाहीत.

"म्या आयकलं होतं," ती म्हणाली. "सांगता का तुमी, का मी जाऊ सांगाले?"

चार दिवस गेले. मैदानावर जगदेव गेलाच नाही. पोरं आपसूक जमायची, आपणच विचारायची आणि आपणच ओरडायची. ती आरोळी त्याच्या घरापर्यंत यायची. त्याला कानांत बोळे घालावेसे वाटायचे. पाचव्या दिवशी दुपारी तो तांड्यावर गेला. लखीराम बाभळीखाली दोर वळत होता.

"लखीराम, म्याच सांगतलं तिले. डॉक्टरले सांगू नको म्हणून. शेक दे म्हणून. म्याच." एवढं बोलून जगदेव खालीच बसला. शिव्या ऐकायला, मार खायलाही तो तयार होऊन आला होता.

लखीरामच्या हातातला दोर थांबला.  मग जगदेवकडं न पाहताच तो म्हणाला, "तिनं याच्यात तुमचं नाव घेतलं नाई. काईच सांगत नाई ते. जखमेतून पाणी येते, तिची माय इचारते, मी इचारतो, एकच म्हंते. तुमचं आयकते ते. तुमीच इचारा आता."

रंजीता घरात भिंतीला टेकून बसली होती. पाय उशीवर. पट्टीवर पिवळा डाग उमटला होता, आणि वासही येत होता. ओठ दाताखाली दाबलेला. जगदेवला पाहताच तिनं ओठ सोडला.

"रंजी," जगदेव तिच्या पायापाशी टेकला. "बाई, मी चुकलो वं. आता खरं सांग. दुखते काय?"

त्याचा प्रश्न ऐकताच तिची पाठ भिंतीपासून सुटली. हात मांडीला चिकटले, मान वर झाली, नजर समोर गेली, मैदानावर रांगेत जायची तशी.

"काई नाई, काका!"